खोलीचा आवाज

हो, माझंच अक्षर आहे ते.
'शांतता. स्वयंपाकघर, बॅलीशॅननचा रस्ता. तीस सेकंद.'
पुढे शाई सांडली आहे, ते कुणाचं नाव नाही.

डोनीब्रुकच्या तळघरातून विचारतेस,
टेप रिकामी आहे, पुसू का?
पोरी, वय काय गं तुझं?

आम्ही दोघं फिरायचो. कॅमेरा मॅल्की डेव्हनीचा, कान माझे.
जुनी फोर्ड, मागच्या सीटला ओल्या मेंढीचा वास
(मेंढी कधी नेली नव्हती, तरीही).
दलदलीत रुतलेली बस, बंद पडलेली डेअरी,
मंत्र्याच्या हातून न कापली जाणारी फीत.
मुलाखत संपली की मी हात वर करायचो:
आता कुणी बोलू नका. तीस सेकंद.
लोकांना वाटायचं, प्रार्थना आहे. टोप्या काढायचे.
मी सांगायचो नाही
की तोडलेल्या वाक्यांच्या फटीत भरायची ही लांबी,
खिडकीच्या काचेला लावतात तशी.

किलीबेग्जच्या धक्क्यावर बायका उभ्या होत्या,
बोट यायची होती, आली नव्हती.
तिथे मी हात वर केला नाही.
त्या आधीच गप्प होत्या.
डोलकाठीवर दोर आपटत होता, एवढंच.
मॅल्कीने कॅमेरा खाली घेतला, आणि डब्लिनने विचारलं,
रडणारं कुणी मिळालं का?

पण तुझी टेप ती नाही.
तुझी टेप बंदीच्या वर्षांतली.
ह्यूई मॅकग्रोरी, सतरा गाई, डाव्या कानाने बहिरा,
डेअरी का बुडाली ते चहा ओतता ओतता सांगत होता.
छान बोलला. दुधाचे भाव, टँकरचं भाडं,
बापाच्या सायकलचं काहीतरी.
परत आलो तर कळलं, माणूस 'त्या' पक्षाचा.
कायद्याला त्याचा आवाज चालत नव्हता,
गोळ्यांबद्दल नको, तसा सायीबद्दलही नको.
वरून फोन. खालून कात्री.
ह्यूई जमिनीवर पडला, फिल्मच्या कातरणांत,
त्याच्या सतरा गाईंसकट.

उरली डेअरीची भिंत, आणि आमच्या बातमीदाराचा
इस्त्री केलेला आवाज.
तो आवाज पोकळीत लोंबकळत होता.
खाली काहीतरी अंथरायला हवं होतं.
मी ही टेप लावली.
आता तिच्यात काय आहे ऐक: किटली निवतेय,
कुत्रा जमिनीला शेपूट घासतोय,
भिंतीवरचं घड्याळ, दर पाचव्या टोल्याला लंगडणारं,
आणि दम्याचा एक श्वास, हळू, टोपी छातीशी धरून.
कायद्यात श्वासाचा उल्लेख नव्हता. मी पाहिलं होतं.

सहा वाजून एक मिनिटाने देशभर गेला तो.
कुणाला कळलं नाही. कौतुक नको,
मला नोकरी टिकवायची होती, तीन पोरं होती,
तोंड उघडलं असतं तर आज शौर्य सांगितलं असतं.
मी फक्त आवाजाची पट्टी जरा वर सरकवली.
जरा. बोटाच्या नखाएवढी.

आठवड्याने सॅडी मॅकग्रोरीचं पत्र आलं,
बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं:
'बातम्यांमध्ये आमचं घड्याळ होतं.
ह्यूई म्हणतो मी खुळी आहे.
त्याला त्या कानाने ऐकू येत नाही.'

मी उत्तर दिलं नाही.
काय लिहिणार होतो?

बंदी उठली, ह्यूई त्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेला.
मग सगळेच बोलायला लागले, इतके
की मॅल्की म्हणायचा, यांना तीस सेकंद द्या रे कुणी.
आता मॅल्कीही नाही.

थांब, फोन ठेवू नकोस.
माझ्या टीव्हीवर सहाची घंटा सुरू झाली.
पूर्ण एक मिनिट. मला देवाचं फारसं काही नाही,
पण या मिनिटाला मी चमचा खाली ठेवतो,
सवय आहे.
तुझ्या मागे पंखा आहे का गं, की पाण्याचा पाइप?
पाइप. वाटलंच.
बरं, आता बोल.